चित्रपटाचे परीक्षण : वाचावे कसे, लिहावे कसे



मराठीच्या उत्तरपत्रिकेत कवितेचे रसग्रहण लिहिण्याचा सराव तुम्हां सर्वांना आहे. ‘ही कविता मला फार आवडली’ एवढेच लिहून तेथे गुण मिळत नाहीत, हेही तुम्ही अनुभवाने जाणता. कोणती कल्पना मनाला भिडली, कोणत्या शब्दाने अर्थ खुलला, हे कवितेतूनच दाखवून द्यावे लागते. हीच शिस्त आपण चित्रपटाच्या बाबतीत मात्र साफ विसरतो. चित्रगृहातून बाहेर पडताच ‘मस्त होता’ किंवा ‘कंटाळा आला’ असा दोन शब्दांत निकाल लागतो आणि विषय संपतो. वस्तुतः एका वर्षात आपण जितक्या कविता वाचतो, त्यांच्या कितीतरी पट चित्रे पाहतो. ज्या कलेचा आपल्या मनावर सर्वांत अधिक मारा होतो, तिच्याविषयी विचार करण्याची सवय आपल्याला सर्वांत कमी असावी, ही गोष्ट चिंतेची आहे. म्हणून चित्रपटांवर जाणकार मंडळी जी मते देतात ती वाचावी कशी आणि आपले स्वतःचे मत मांडावे कसे, याचा थोडा अभ्यास या लेखात करू.

१. तीन शब्द, एक धातू

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘प्रेक्षक’, ‘परीक्षक’ आणि ‘समीक्षक’ हे तिन्ही शब्द संस्कृतातील ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. बदलतो तो केवळ उपसर्ग. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘सम्’ म्हणजे चांगल्या प्रकारे. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. समीक्षक हा न्यायासनावर बसलेला कोणी वेगळा प्राणी नसून तो मुळात आपल्यासारखाच प्रेक्षक आहे. फरक इतकाच की, तो अधिक बाजूंनी पाहतो, अधिक नीट पाहतो आणि काय पाहिले ते आपल्याला कारणांसह सांगतो. त्याच्या मतापेक्षा त्याची कारणे मोलाची असतात. मत बाजूला ठेवले तरी चांगल्या परीक्षणात वाचण्यासारखे पुष्कळ उरते, आणि वाईट परीक्षणातून मत काढून घेतले तर काहीच उरत नाही. परीक्षण पारखण्याची ही सोपी कसोटी तुम्ही आजपासूनच वापरू शकाल.

२. ताऱ्यांचे गणित

आजकाल मत देण्याची एक सोपी पद्धत रूढ झाली आहे. चित्राला पाचपैकी काही तारे द्यावयाचे आणि सर्वांच्या ताऱ्यांची सरासरी काढावयाची. ही पद्धत किती फसवी आहे ते गणितानेच पाहा. एका चित्राला चार जणांनी प्रत्येकी ३ तारे दिले. सरासरी आली ३. दुसऱ्या चित्राला दोघांनी ५ आणि दोघांनी १ तारा दिला. सरासरी आली पुन्हा ३. पहिले चित्र सर्वांना बेताचे वाटले आहे. दुसऱ्याने काहींना भारावून टाकले आहे, तर काहींना चिडवले आहे. कागदावर दोहोंचा आकडा एकच! दुसऱ्या चित्रात असे काय आहे की ज्यामुळे माणसे परस्परविरुद्ध टोकांना गेली, हा खरा जिज्ञासेचा प्रश्न. आणि नेमका तोच त्या सरासरीने झाकून टाकला आहे. यास्तव तारे मोजण्यापूर्वी शब्द वाचावेत.

३. परीक्षणाची चार अंगे

चांगल्या परीक्षणाला साधारणपणे चार अंगे असतात. पहिले माहितीचे : चित्र कोणी काढले, केव्हा, कोणत्या भाषेत, कोणत्या कथेवरून. दुसरे वर्णनाचे : पडद्यावर प्रत्यक्ष काय दिसते आणि काय ऐकू येते. तिसरे अर्थाचे : या सर्वांतून दिग्दर्शकाला काय सांगावयाचे आहे. आणि चौथे मूल्याचे : जे सांगावयाचे होते ते किती साधले, व ते सांगण्याजोगे होते काय.

सामान्यतः आपण पहिल्या अंगावरून थेट चौथ्यावर उडी मारतो. मधली दोन अंगे म्हणजे नदीवरील पुलाचे खांब होत. ते नसतील तर पलीकडचा निकाल कितीही जोराने सांगितला तरी तो अधांतरीच राहतो.

एक उदाहरण घेऊ. प्रभात फिल्म कंपनीचे ‘संत तुकाराम’ हे चित्र १९३६ साली प्रकाशित झाले. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. मुंबईत ते वर्षाहून अधिक काळ चालले आणि १९३७ साली व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. हे झाले माहितीचे अंग. आता पडद्याकडे पाहा. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम संथ, स्वतःत हरवलेला आहे. तर गौरी यांनी उभी केलेली आवली ही मुलांच्या पोटाची चिंता वाहणारी, तापट आणि प्रसंगी देवालाच जाब विचारणारी बाई आहे. हे वर्णन झाले. यातून अर्थ असा निघतो की, संतांचे मोठेपण दाखविताना दिग्दर्शकांनी संसाराचा भार ज्या बाईने वाहिला तिचे म्हणणेही दडपून टाकलेले नाही. आणि म्हणूनच हे चित्र केवळ चमत्कारांची मालिका न होता माणसांची कथा झाले, हे झाले मूल्य. तुम्हांला हे मूल्य मान्य नसले तरी वाद कोठे घालावयाचा ते आता तुम्हांला स्पष्ट दिसते. परीक्षणाचा उपयोग तो हाच.

४. जाणकारांचे मतभेद

‘समीक्षकांमध्येच एकमत नसते, मग त्यांचे ऐकावे कशाला?’ असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. एकमत काही वेळा होतेही. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या चित्राला (१९५३) राष्ट्रीय पारितोषिकांच्या अगदी पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि घरोघरच्या आयाबहिणींनीही त्याला आपल्या अश्रूंनी तीच पावती दिली. परंतु अभ्यासाच्या दृष्टीने एकमतापेक्षा मतभेद अधिक उपयोगी असतात. त्यांपैकी तीन पाहू.

पहिला मतभेद सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) या बंगाली चित्राविषयीचा. १९५६ साली फ्रान्समधील कान येथील महोत्सवात त्याला ‘सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज’ म्हणून गौरविण्यात आले. दोनच वर्षांनी ते न्यूयॉर्कच्या चित्रगृहात लागले, तेव्हा तेथील एका मातब्बर दैनिकाचे परीक्षक बॉस्ली क्राउथर यांनी लिहिले की, याची बांधणी इतकी सैल आणि गती इतकी मंद आहे की हॉलीवूडच्या संकलकांनी याला कच्चे चित्र म्हणूनही जेमतेमच मान्य केले असते. हे मत आज कोणी उचलून धरीत नाही. परंतु त्यांच्या मोजपट्टीकडे लक्ष द्या. त्यांनी बंगालमधील खेड्याच्या जीवनाची गती हॉलीवूडच्या घड्याळाने मोजली. पावसाच्या पहिल्या थेंबांनी तळ्याचे पाणी शहारते, ते दाखविण्यास घाई करून कसे चालेल?

याच चित्राच्या कर्त्यावर आपल्या देशातूनही टीका झाली, ती मात्र निराळ्या कारणासाठी. १९८० साली राज्यसभेच्या सदस्या असलेल्या नर्गिस यांनी, राय यांच्या चित्रांतून भारताचे दारिद्र्य परदेशात मांडले जाते, असा आक्षेप घेतला. याच नर्गिस यांनी मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये दारिद्र्याशी झुंजणाऱ्या शेतकरी स्त्रीची भूमिका अजरामर केली होती. त्या चित्राशी आपल्या सुरतेचेही नाते आहे, कारण त्यातील आगीचा प्रसंग आपल्या उमरा येथे चित्रित झाला. चित्रीकरणाच्या वेळी ज्वाला आवाक्याबाहेर गेल्या आणि त्यांत सापडलेल्या नर्गिस यांना सुनील दत्त यांनी बाहेर काढले. ‘फिल्मइंडिया’ या मासिकाचे संपादक बाबूराव पटेल आपल्या जहाल लेखणीबद्दल प्रसिद्ध होते. भल्याभल्यांच्या चित्रांची त्यांनी चिरफाड केली होती. परंतु ‘मदर इंडिया’ला त्यांनी भारतीय चित्रांत सर्वश्रेष्ठ ठरविले. पुढे ऑस्कर पारितोषिकाच्या अंतिम नामांकनांतही ते जाऊन पोहोचले.

आता विचार करा. दारिद्र्य दोन्ही चित्रांत आहे. एकात ते गाण्यांच्या, रंगांच्या आणि त्वेषाच्या साथीने येते. दुसऱ्यात ते निमूटपणे, रिकाम्या भांड्यासारखे समोर ठेवले जाते. म्हणजे वाद दारिद्र्य दाखवावे की नाही एवढाच नसून, ते कसे दाखवावे आणि कोणासाठी दाखवावे, हाही आहे. या वादात तुम्ही कोणतीही बाजू घेऊ शकाल. मात्र दोन्ही चित्रे पाहिल्यावाचून घेऊ नये.

दुसरा मतभेद ‘शोले’चा (१९७५). यातही सुरतेचा वाटा आहे. ठाकूर बलदेवसिंगाची भूमिका करणारे संजीवकुमार, म्हणजेच हरिहर जरीवाला, यांचा जन्म १९३८ साली याच शहरात झाला आणि त्यांच्या नावाचे सभागृह आज येथे उभे आहे. ‘शोले’ लागला तेव्हा कित्येक परीक्षकांनी त्याची संभावना कडक शब्दांत केली. एका पाक्षिकाने त्याला विझलेल्या निखाऱ्याची उपमा दिली. ‘फिल्मफेअर’ने तर पाश्चात्त्य घोडेस्वारपटांचे हे अनुकरण धड इकडचे नाही की तिकडचे नाही, असा अभिप्राय दिला. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात हे चित्र पाच वर्षांहून अधिक काळ चालले. आणि २००५ साली त्याच ‘फिल्मफेअर’ने आपल्या पन्नासाव्या पारितोषिक समारंभात त्याला पन्नास वर्षांतील सर्वोत्तम चित्र म्हणून गौरविले!

यावरून ‘लोक नेहमी बरोबर आणि समीक्षक नेहमी चूक’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो आवरावा. परीक्षकांनी दाखविलेली गोष्ट खोटी नव्हती; परदेशी चित्रांची छाया ‘शोले’वर आहेच. त्यांच्या नजरेतून निसटले ते हे की, परक्या बीजातून या मातीत काही नवे रोप उगवले आहे : जय आणि वीरू यांची मैत्री, बसंतीची अखंड बडबड, दिवे मालवणाऱ्या राधेचे मौन. दोष खरा असूनही त्याचे वजन चुकीचे ठरविले जाऊ शकते, हा धडा येथे घ्यावयाचा.

तिसरे उदाहरण याच्या उलट आहे. गुरुदत्त यांचे ‘कागज के फूल’ (१९५९) हे भारतातील पहिले सिनेमास्कोप चित्र. येथे परीक्षकांप्रमाणेच लोकांनीही पाठ फिरविली. चित्र पडले, आणि यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव दुसऱ्या कोणत्याही चित्राला दिले नाही. १९६४ साली ते गेले. पण कथा तेथे संपत नाही. अरुण खोपकर यांनी १९८५ साली ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक मराठीत लिहिले. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ या तीन चित्रांतील प्रकाश, छाया, कॅमेऱ्याची हालचाल, गाण्यांचे चित्रण यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्या ग्रंथाला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. ओसाड स्टुडिओत छपरावरून उतरणारा तो प्रकाशाचा झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी कसा साधला, याची चर्चा आज अभ्यासक आदराने करतात. मायबाप प्रेक्षकांनी नाकारलेल्या चित्राकडे पुन्हा एकदा वळून पाहावयास लावणे, हे समीक्षेचे सर्वांत मोठे कार्य होय. अविचाराने दिलेले मत एखाद्या कलावंताला जबर महाग पडू शकते, हेही या उदाहरणातून आपण विसरू नये.

५. जशी जात, तशी कसोटी

अभंगाला पोवाड्याची कसोटी लावली तर तो मिळमिळीत ठरेल, आणि पोवाड्याला अभंगाची लावली तर तो आरडाओरडा ठरेल. चित्रांचेही तसेच आहे. अलीकडची दोन मराठी चित्रे घ्या. चैतन्य ताम्हाणे यांचे ‘कोर्ट’ (२०१४) व्हेनिसला गौरविले गेले आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्राचे राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. एका वृद्ध लोकशाहिरावरील खटल्याची ही कथा आहे. तीत कॅमेरा बहुधा एका जागी स्थिर राहतो; तारखांमागून तारखा पडतात. ‘यात काही घडतच नाही’ अशी तक्रार कोणी करील. परंतु न्यायाला होणारा विलंब हाच जेथे विषय आहे, तेथे तो विलंब प्रेक्षकाने थोडासा सोसावा, ही दिग्दर्शकाची योजनाच आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) मात्र महाराष्ट्राला अक्षरशः नाचविले. त्यातील गाणी ऐकून ‘हा तर नेहमीचा प्रेमपट’ असे ज्याने ठरविले असेल, त्याला उत्तरार्धाने गप्प केले. शेवटच्या प्रसंगी संगीत थांबते. जातिभेदाने घेतलेला बळी आपण निःशब्दपणे पाहतो. पूर्वार्धातील गाण्यांचा उल्हास जितका मोठा, तितकी ही शांतता भयानक वाटते. चित्राचा एकच भाग पाहून मत देणे किती धोक्याचे, हे ‘सैराट’ शिकवितो. ‘कोर्ट’ला ‘सैराट’ची गती नाही आणि ‘सैराट’ला ‘कोर्ट’चा संयम नाही. या दोहोंची तुलना करून एकाला नापास करणारा परीक्षक स्वतःच नापास होतो.

भाषेचाही विचार करावयास हवा. आपल्या शहरात शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि पडद्यावर हिंदी असे आपले आयुष्य आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी अहिराणी बोलली जाते. माझ्या घरची भाषा कोंकणी. राष्ट्रीय पारितोषिक मिळविणारे ‘नाचुं-या कुंपासार’ (२०१४) हे कोंकणी चित्र मला पडद्याखालच्या ओळी न वाचता समजते. पण ‘पथेर पांचाली’ पाहताना मला त्या ओळींचाच आधार घ्यावा लागतो. तेथे शब्दांतील गोडवा माझ्या हातून निसटतो, हे गृहीत धरूनच मला मत बनवावे लागेल. आपल्याला काय कळू शकत नाही याचे भान ठेवणे हाही परीक्षकाचा एक गुणच आहे.

६. मुलेही परीक्षक होऊ शकतात

‘आम्ही लहान, आमच्या मताला कोण विचारतो?’ असे तुम्हांला वाटत असेल, तर ही हकीकत ऐका. २०१४ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या मराठी चित्राला ‘स्फटिक अस्वल’ हे पारितोषिक मिळाले. ते देणारे परीक्षक मंडळ मुलांचे होते! वडील वारल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुणे सोडून कोकणातील एका गावी आलेल्या अकरा वर्षांच्या चिन्मयची ही गोष्ट. नवी शाळा, नवे सवंगडी, धो धो पाऊस, आणि मनातल्या मनात सोसलेले एकटेपण. मराठीचा एक शब्दही न जाणणाऱ्या मुलांना ते एकटेपण ओळखता आले. गाव बदलणे म्हणजे काय हे आपल्या वर्गातील कित्येकांना ठाऊक आहे. पोटासाठी खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांतील मुलांनी ‘किल्ला’चे परीक्षण लिहिले, तर बर्लिनच्या मुलांना न दिसलेले काही त्यांना खचित दिसेल.

७. लिहिताना काय पाळावे

आता तुम्ही स्वतः लिहू लागाल तेव्हा पुढील पथ्ये सांभाळा. चित्र संपूर्ण पाहावे. शक्य तर दोनदा पाहावे. पहिल्यांदा कथेसाठी आणि दुसऱ्यांदा मांडणीसाठी. मत देण्यापूर्वी मनात ठसलेला एक तरी प्रसंग आपल्या शब्दांत उतरवावा. ‘अभिनय उत्तम’ असे न लिहिता कोणत्या क्षणी, कशामुळे तो उत्तम वाटला ते लिहावे. कथेतील रहस्य फोडून पुढच्या प्रेक्षकाचा आनंद हिरावून घेऊ नये. नटाच्या रंगरूपावर टीका करू नये. त्याच्या कामावर करावी. एखादे चित्र नावडले तरी त्यातील एखादी चांगली गोष्ट शोधावी, आणि आवडले तरी एखादी उणीव पाहावी. इतरांची परीक्षणे आपले लिहून झाल्यावर वाचावीत. आधी वाचली तर आपण त्यांच्याच डोळ्यांनी पाहू लागतो.

घरातील वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलांबरोबर चित्र पाहिल्यावर ‘आवडले का?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘कोणता प्रसंग आठवतो? का आठवतो?’ असे विचारा. उत्तर तुमच्या मताविरुद्ध आले तर आनंद माना, कारण मुलगा किंवा मुलगी स्वतः पाहू लागल्याची ती खूण आहे. आपले म्हणणे कारणे देऊन मांडणे आणि दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेणे ही सवय ज्या घरात जेवणाच्या ताटावर लागते, त्या घरातील मुले पुढे सभेत, पंचायतीत आणि मतदानाच्या रांगेतही कोणाच्या हाकेसरशी धावत सुटत नाहीत.

स्वाध्याय

(१) ‘श्यामची आई’ हे चित्र घरच्या मंडळींसह पाहा. तीन पिढ्यांतील एकेका व्यक्तीला त्यातील आवडलेला प्रसंग विचारा व उत्तरांतील फरकाची कारणे लिहा.

(२) संजीवकुमार यांना ‘कोशिश’ (१९७२) मधील मूकबधिर नायकाच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. शब्दांवाचून भाव कसा व्यक्त होतो, ते त्यातील एका प्रसंगाच्या आधारे दहा ओळींत सांगा.

(३) तुम्हांला मुळीच न आवडलेल्या एका चित्राची बाजू घेऊन पंधरा ओळी लिहा.

(४) एकाच चित्रावरील दोन परस्परविरुद्ध परीक्षणे मिळवा. प्रत्येकातील मत खोडून टाका आणि उरलेली कारणे समोरासमोर मांडा. कोणाची कारणे अधिक टिकतात, ते वर्गात सांगा.